मोठ्या मापाची सायकल

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याचं शरीरच त्याला जाब विचारतं. आदिनाथरावांच्या आयुष्यात तो ऑगस्टमधल्या एका मंगळवारी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आला, आणि जाब शरीराने नव्हे, काउंटरवरच्या मुलीने विचारला.

"काका, उपाशीपोटी आलात ना?"

आदिनाथराव हो म्हणाले. येताना स्टेशनच्या कोपऱ्यावर खाल्लेली दोन भजी त्यांनी जमेस धरली नाहीत. भजी हा त्यांच्या मते खाण्याचा पदार्थ नव्हता, ती एक सवय होती. डॉक्टरला हवी असलेली साखर ही तीन महिन्यांची सरासरी असते आणि सकाळच्या भज्यांनी तिला काही होत नाही, हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा वाईट वाटलं ते दोनच खाल्ल्याचं.

सरासरी नऊ पॉइंट एक आली.

"नोव्हेंबरच्या शेवटी परत तपासू," डॉक्टर हरिओम म्हणाले. "सातच्या खाली आली पाहिजे. नाही आली तर इन्सुलिन. मग माझ्यापाशी दुसरा उपाय नाही."

डॉक्टर हरिओम चाळिशीचे होते आणि त्यांच्या पोटाच्या जागी खरोखरच काही नव्हतं. परभणीत त्यांनी 'सुप्रभात सायकल मंडळ' काढलं होतं. दर रविवारी वीस-बावीस प्रतिष्ठित लोक अंगाला चिकटलेले कपडे घालून पिंगळीपर्यंत जात आणि परत येत. टेबलावर औषधांच्या नमुन्यांशेजारी हेल्मेट पडलेलं असे. रोग कोणताही असो, डॉक्टर आधी गोळी लिहीत आणि मग त्या हेल्मेटकडे बघत.

"सायकल घ्या, साहेब. गोळ्या आहेतच, पण तुम्हाला सायकलच वाचवील."

आदिनाथराव एका निमसरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. एकतीस वर्षांत त्यांना बऱ्याच गोष्टींनी वाचवायचं कबूल केलं होतं: विपश्यना, कडुलिंबाचा रस, तांब्याचा तांब्या. आता सायकल. ते थकलेले होते. आजारी पडून थकलेले नव्हते, बरं होण्याच्या सल्ल्यांनी थकलेले होते.

पण घरी आई होती. तानुबाईंनी फाईल उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि विचारलं, "सुई सांगितली का?"

"अजून नाही. नोव्हेंबरात बघू म्हणाले."

तानुबाईंनी फाईल मिटली. आदिनाथरावांच्या वडिलांना त्यांनी अकरा वर्षं रोज दोन वेळा पोटात सुई टोचली होती. कापसाचा पत्र्याचा डबा अजून कपाटावर होता. वडील गेल्यावर घरातलं बरंच काही वाटून टाकलं, तो डबा कुणी मागितला नाही. रात्री पानं वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "आदिनाथ, मला आता दुसऱ्याला टोचणं व्हायचं न्हाई. हात कापायलेत."

त्यांना टोचायला कुणी सांगणार नव्हतं. बायको राजेश्री होती, ते स्वतः होते, आणि आता सुया म्हणे पेनासारख्या निघाल्या होत्या. पण हे आईला समजावून सांगण्यापेक्षा सायकल चालवणं सोपं, असं आदिनाथरावांना वाटलं. ते चुकीचं निघालं, पण त्या वेळी कळायला मार्ग नव्हता.

सायकलच्या दुकानात गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मुख्य चूक करून झाली.

दुकानदार सज्जन होता. त्याने आदिनाथरावांना आपादमस्तक न्याहाळलं. आदिनाथरावांची उंची पाच फूट चार इंच होती, ऑफिसच्या ओळखपत्रावर पाच फूट पाच.

"तुम्हाला लहान साइज बसेल, साहेब. फार तर मधली."

"आणि ती?" राजेश्रीने भिंतीकडच्या उंच, काळ्या-हिरव्या सायकलीकडे बोट केलं.

"ती मोठी साइज, ताई. सहा फुटी माणसासाठी."

"केवढ्याला?"

"किंमत तिन्हींची एकच आहे."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात अशा वेळी त्यांना बोलायची गरज पडत नसे. या घरात शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा शिवला जाई. चप्पल एक नंबर मोठी घेतली जाई आणि पुढे कापूस घातला जाई. खुद्द आदिनाथरावांच्या लग्नातला सफारी इतका ऐसपैस होता, की फोटोत नवरदेवाशेजारी अजून कुणीतरी आत असावं असं वाटे. किंमत तीच असताना कमी लोखंड घेणारा माणूस त्यांच्या खानदानात झाला नव्हता.

"हे लोखंड नाही साहेब, अ‍ॅल्युमिनियम आहे," दुकानदार म्हणाला.

"मग तर मोठीच द्या," राजेश्री म्हणाली.

"पण ताई, साहेबांची उंची आता वाढणार आहे का?"

"यांचं नका सांगू. उद्या जावई आले तर त्यांना काय लहान सायकल द्यायची?"

मुलगी अर्पिता पुण्यात नोकरीला होती. तिचं लग्न ठरलेलं नव्हतं, तसा विषयही नव्हता. पण होणारा जावई उंच असेल याबद्दल घरात एकमत होतं.

मोठी सायकल घरी आली. एकवीस गिअर, पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना चकाकणाऱ्या पत्र्याच्या गोल चकत्या. ब्रेक दाबला की तो त्या चकतीला चिमटीत धरणार. तानुबाईंनी हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. गल्ली बघायला जमली. आदिनाथरावांनी टांग टाकली आणि ती आडव्या दांड्यापर्यंतच पोचली.

दुसऱ्या प्रयत्नात ते ओट्यावर चढले आणि ओट्यावरून सायकलीवर बसले. बसायची हीच पद्धत पुढे कायम राहिली. सीट पार खाली केली तरी बुटाची टोकंच जमिनीला लागत, तीही एका वेळी एकाच पायाची. त्यामुळे निघायला ओटा हवा आणि थांबायलाही ओटा हवा. महिन्याभरात परभणी शहरात दीड फूट उंचीचे ओटे, कट्टे, पार आणि पुलाचे कठडे नेमके कुठे कुठे आहेत याचा आदिनाथरावांइतका अभ्यास कुणाचा झाला नसेल. ओटा नसलेल्या रस्त्याने ते जातच नसत.

पुण्याहून अर्पिताने फोनवर एक ॲप टाकून दिलं. ते किती किलोमीटर झाले ते मोजे आणि शाबासकी देई.

पहिल्या रविवारी मंडळाबरोबर पिंगळी. डॉक्टर हरिओम पुढे, त्यांच्या मागे दोन वकील, एक भूलतज्ज्ञ, एक बिल्डर आणि इतर. सगळ्यांच्या शेवटी आदिनाथराव. दर फर्लांगाला कुणीतरी मागे वळून ओरडे, "गिअर टाका, काका!" आदिनाथराव गिअर टाकत. तो बहुतेक वेळा उलटा पडे. पिंगळी स्टेशन येईपर्यंत गुडघ्यांत कुणीतरी जिरेपूड दळत असल्यासारखं वाटत होतं.

स्टेशनसमोर चहा झाला आणि मग जिलेबी आली. आदिनाथरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"एक चालते," डॉक्टर म्हणाले. "एवढं चालवलंय आपण."

डॉक्टरांना चालत होती. वकिलांना चालत होती. आदिनाथरावांनी एक खाल्ली, आणि नाही म्हणणं बरं दिसेना म्हणून दुसरी. परत निघताना चेन उतरली ती बसेना. मंडळ पुढे निघून गेलं. शेवटी दुधाचे कॅन नेणाऱ्या टेम्पोत सायकल आडवी टाकून आदिनाथराव ड्रायव्हरशेजारी बसले. खिशातलं ॲप बंद करायचं राहून गेलं. घरी पोचल्यावर ते थरथरलं आणि म्हणालं: अभिनंदन! आजवरची तुमची सर्वोत्तम गती.

आदिनाथरावांनी ते खोडलं नाही. खोडायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि शाबासकी कुठूनही आली तरी ती खोडावी असं वाटण्याच्या वयाचे ते राहिले नव्हते.

चेनसाठी ते चंद्रभानकडे गेले.

चंद्रभान मूळचा सोनपेठचा. परभणीत गेली पस्तीस वर्षं एका लिंबाखाली पत्र्याची टपरी टाकून बसलेला. पूर्वी त्याच्याकडे तासावर भाड्याने द्यायच्या चाळीस सायकली होत्या. आदिनाथराव कॉलेजात असताना त्यांतलीच एक न्यायचे. आता चाळीसच्या जागी हवेचा एक पंप आणि पाण्याचं एक घमेलं उरलं होतं, आणि मोटारसायकलची पंक्चरं.

चंद्रभानने आधी चेन पाहिलीच नाही. सायकलीभोवती एक चक्कर मारली.

"कुणाची हाय सायकल?"

"माझी."

"आवो तसं न्हाई. मापानं कुणाची हाय?"

आदिनाथरावांनी दांड्यावरची धूळ पुसली.

"बसा बरं वर."

"ओटा कुठंय?"

चंद्रभानने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग पंपाची लाकडी पेटी सरकवून दिली. आदिनाथराव बसले. चंद्रभानने त्यांचा गुडघा बघितला, पाठ बघितली, ताणलेले हात बघितले. एकंदरीत, चुकून अंगावर आलेल्या दुसऱ्याच्या शर्टाकडे शिंपी बघतो तसं तो बघत होता.

"उतरा. या परीस खुंटीला लटकला असता तर बरं. साहेब, दांड्याच्या दोनी बाजूला पाय टाकून हुबं राह्यलं तर दांड्याच्या वर चार बोटं जागा राह्याला पाह्यजे. तुमची कुठं हाय?"

"जागा उलट्या बाजूने आहे," आदिनाथराव कबूल झाले.

"काहून घेतली मग?"

"किंमत एकच होती."

चंद्रभानने मान डोलावली. हे कारण त्याला पटलं. पटण्यासारखंच होतं.

"बदलून देत्यात का बगा."

"हळद-कुंकू लावलंय. आई नाही म्हणती."

"मंग ऱ्हाऊ द्या. जमंल तितकं जमवू." त्याने पाना घेतला. सीट पुढे सरकवली. कोपर सीटच्या टोकाला टेकवून हाताची बोटं हँडलपर्यंत पोचतात का ते आदिनाथरावांना करायला लावलं, पोचेनात. हँडलचा आखूड तुकडा कुठल्याशा भंगारातून काढून बसवला, आता पोचली. मग म्हणाला, "सीट दोन बोटं वर करायलो."

"वर? अरे, आत्ताच पाय टेकत नाहीत!"

"पाय जमिनीला टेकवायला खुर्ची असती, साहेब. सायकलीवर पाय पायडलाला टेकत्यात. टाच पायडलावर ठिवा. खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाह्यजे. तुमचा गुडगा तर बेडकावानी वाकायलाय. दुखत न्हाई का?"

"लई दुखतो," आदिनाथराव म्हणाले. ऑफिसात ते 'फार' म्हणत.

सीट वर गेली. भीती वाटली, पण गुडघ्यातली जिरेपूड थांबली. चंद्रभानने चेन बसवली, फडक्याने पुसली, थेंब-थेंब तेल सोडून पुन्हा पुसली. हवेचा आकडा टायरवर कुठे लिहिलेला असतो तो दाखवला. आणि शेवटी तर्जनी वर करून, ज्याला पुढे महत्त्व आलं ते वाक्य बोलला:

"तेल फकस्त चेनला. या गोल पत्र्याला बिल्कुल न्हाई. बोट सुदीक लावायचं न्हाई. याला तेल लागलं का बिरेक खलास."

"लक्षात ठेवीन," आदिनाथराव म्हणाले. आणि त्यांनी ठेवलंही. अडचण अशी झाली, की त्यांनी ते एकट्यानेच लक्षात ठेवलं.

सप्टेंबर असाच गेला. पहाटे साडेपाचला उठायचं, ओट्यावर चढायचं, निघायचं. पाऊस असला की जायचं नाही, आणि सप्टेंबरात बऱ्यापैकी पाऊस होता. ते मंडळाबरोबर दोनच वेळा गेले. एकदा जिलेबी, एकदा मिरचीभजी. एका सकाळी मात्र ते एकटेच पिंगळी रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना कापसाला बोंडं धरली होती, बगळे म्हशीच्या पाठीवर बसून कुठेतरी चालले होते, आणि सायकलीचा आवाजच येत नव्हता. चंद्रभानने लावलेली चेन एखाद्या समजूतदार माणसासारखी गप्प राहून काम करत होती. आदिनाथरावांच्या मनात आलं, सुई कदाचित टळेलही. हा विचार जेमतेम एक किलोमीटर टिकला, मग ओटा शोधावा लागला.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं लोखंड बाहेर निघतं. तानुबाईंनी विळी काढली, अडकित्ता काढला, कोयता काढला. तो कोयता शेत विकल्यापासून वीस वर्षं काहीच कापत नव्हता, पण पूजेला बिनचूक हजर असे. शिलाई मशीन, स्कूटर आणि यंदा नवीन आलेली सायकल. सगळं धुतलं, पुसलं आणि करडीच्या तेलाचा हात दिला. आदिनाथराव ऑफिसात होते. तिथे कॉम्प्युटरला हार घालायचं काम वरिष्ठ लिपिकाकडेच असतं.

संध्याकाळी सायकल झेंडूच्या माळेत झगमगत होती. दसऱ्याला सकाळी आपट्याची पानं आणायला आदिनाथराव सायकलवरच निघाले. तानुबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. त्या खूश होत्या. बऱ्याच दिवसांनी होत्या.

"सावकाश जा रे. सुईचं टळू दे बाबा," त्या म्हणाल्या. हे नक्की कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. बहुधा सायकलीला असावं.

गल्लीत ब्रेकची गरज पडली नाही. चौकात पडली नाही. रेल्वेच्या उड्डाणपुलावर चढताना तर अजिबात पडली नाही. तिथे ब्रेकचं काम आदिनाथरावांचं वजनच करत होतं. पुलाचा माथा आला आणि उतार लागला. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले.

काहीही झालं नाही. हातांना रेशमी साडीच्या घडीवरून बोट फिरवल्यासारखं फक्त मऊ लागलं. त्यांनी जोरात दाबले. अजून मऊ लागलं. पाय टेकवावेत म्हणून खाली सोडले, पण सायकल मोठ्या मापाची होती आणि जमीन चार बोटं खालून पळत होती. ओटा कुठेच नव्हता. खिशात ॲप मोजत होतं.

पुलाच्या पायथ्याशी धुरपताबाई झेंडू घेऊन बसल्या होत्या. चांगला कमरेइतका ढीग होता. आदिनाथराव त्यात गेले.

फुलांनी आपलं काम केलं. डोक्याला, पाठीला, कुठेही लागलं नाही. पण ढिगाच्या पलीकडे तराजू होता आणि तराजूशेजारी दोन किलोचं वजन होतं. टेकवायला पुढे आलेला उजवा हात नेमका त्या वजनावर टेकला.

धुरपताबाईंनी पाच-सहा फुलं त्यांच्या डोक्यावरून काढली आणि म्हणाल्या, "आवो दादा, गिऱ्हाइकं लय बगितली, पन अशी उडी टाकून फुलं घेणारं तुमीच पयले."

लोक हसले. मग कुणीतरी त्यांचा हात पाहिला आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोचल्यावर ॲप थरथरलं: स्वतःचाच विक्रम मोडल्याबद्दल ते आदिनाथरावांचं अभिनंदन करत होतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

चौथ्या दिवशी आदिनाथराव चालत चंद्रभानकडे गेले. सायकल त्याच्याकडेच पोचवली होती. चंद्रभानने चकतीला बोट लावलं, बोट नाकाला लावलं.

"करडीचं हाय," तो म्हणाला. "घाण्यावरचं. चांगलं हाय." मग आवाज चढला. "पत्र्याला तेल कोन लावलं? सांगितलं होतं का न्हवतं?"

आदिनाथरावांना सकाळचा प्रसंग आठवला. तानुबाईंनी चहा पुढ्यात ठेवून विचारलं होतं, "आदिनाथ, सगळ्याला मीच हात दिला होता. माज्या तेलानं तर न्हाई ना झालं?" आणि त्यांनी कपाटाकडे, त्या पत्र्याच्या डब्याकडे न बघता सांगितलं होतं, "छे. वायर तुटली. कंपनीची चूक."

"मी लावलं," ते चंद्रभानला म्हणाले.

"तुमी?"

"हो. गंजू नये म्हणून."

चंद्रभानने तेलाचं बोट फडक्याला पुसलं. "तुमी शिकल्याली मानसं," तो एवढंच म्हणाला आणि चकती काढायला खाली बसला.

यापुढचे सहा आठवडे आदिनाथरावांच्या दृष्टीने वाया गेले. सायकल बंद, नोव्हेंबर जवळ येतोय. ते जवळजवळ शांत झाले होते. हरणाऱ्या माणसाला एक प्रकारची विश्रांती मिळते, ती त्यांना मिळायला लागली होती.

प्लास्टरमुळे स्कूटर चालवता येईना, म्हणून ते ऑफिसला पायी जाऊ लागले. जायला दोन किलोमीटर, यायला दोन. रिक्षा मिळत होती, पण रोज त्याच रिक्षावाल्याला पडण्याची गोष्ट सांगायचा कंटाळा येई.

आणि जेवण. उजवा हात गळ्यात बांधलेला. तानुबाईंच्या राज्यात डाव्या हाताने खायचं नसतं, हे त्यांना वयाच्या दुसऱ्या वर्षी हातावर फटका मारून शिकवलेलं होतं. चमच्याला परवानगी मिळाली, कारण चमचा म्हणजे हात नव्हे, असा तानुबाईंनी निर्णय दिला. त्यामुळे जे चमच्याने खाता येतं तेच: वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, ताकातल्या कण्या, पातळ भाजी. डाव्या हातातला चमचा तोंडापर्यंत पोचता-पोचता अर्धा रिकामा होई. अर्ध्या वाटीतच माणूस दमे आणि ताट सरकवी.

दिवाळी आली. शेजारपाजारी, नातेवाइकांकडे फराळाची ताटं पुढे आली. चिवडा, चकल्या, अनारसे. चार लोकांत डावा हात ताटात घालायचा? "नको, आत्ताच जेवलो," आदिनाथराव म्हणत. लोक आग्रह करत. ते प्लास्टर दाखवत. लोक गप्प होत. स्टेशनच्या कोपऱ्यावर ते एकदा भज्यांसाठी थांबले. गाडेवाल्या भुजंगने कागद पुढे केला. त्यांनी डावा हात पुढे केला.

"काय सर," भुजंग म्हणाला. फक्त एवढंच. आदिनाथरावांनी हात मागे घेतला. तीस वर्षांची सवय तिथे, त्या कढईसमोर, दोन शब्दांत मोडली.

नोव्हेंबरच्या मध्याला प्लास्टर निघालं. शेवटच्या आठवड्यात रक्त दिलं. त्या रात्री तानुबाईंनी कपाटावरचा डबा खाली काढून पुसला आणि आतला जुना कापूस टाकून नवा भरला. त्यांचे हात खरंच कापत होते.

दुसऱ्या दिवशी सरासरी आली. सहा पॉइंट आठ.

आदिनाथरावांनी आकडा तीनदा वाचला. नाव आपलंच आहे का ते पाहिलं. घरी फोन केला. पलीकडे फोन तानुबाईंनी घेतला. डबा परत कपाटावर ठेवल्याचा पत्र्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

"मी काय सांगितलं होतं?" डॉक्टर हरिओम उभेच राहिले. "सायकल!"

"डॉक्टर, सायकल दसऱ्यापासून बंदच आहे. खरं म्हणजे तो डावा हात–"

"नम्रपणा नको. येत्या रविवारी मंडळात बोलायचंय तुम्ही."

रविवारी पिंगळीला, जिलेबीच्या आधी, आदिनाथरावांचा सत्कार झाला. ते दुधाच्याच टेम्पोतून आले होते. त्यांना शाल मिळाली. "मित्रहो, माझा उजवा हात मोडला, म्हणून–" इथपर्यंत ते बोलले तोच टाळ्या पडल्या. हात मोडूनही सायकल न सोडलेला माणूस असं लोक समजले. डॉक्टरांनी त्यांचा फोन घेऊन ॲप सगळ्यांना दाखवलं: एकूण अंतर एकशे एकतीस किलोमीटर. त्यांतले किती टेम्पोत आणि किती रिक्षात, हे ॲपने वेगळं दाखवलं नव्हतं. आदिनाथरावांनी एकदा सांगून पाहिलं. नंतर जिलेबी आली. त्यांनी हात पुढे केला, उजवा, आणि कोण जाणे का, मागे घेतला.

त्यांची सायकल अजून चंद्रभानच्या टपरीत आहे. चंद्रभानने नवे ब्रेक बसवले, मापाचं गिऱ्हाईक शोधलं. परभणीत त्या मापाचा एकच माणूस होता, फौजदार. त्याची बदली झाली. आदिनाथराव रोज ऑफिसला पायी जाताना टपरीवर दोन मिनिटं थांबतात. दोघं सायकलीकडे बघतात.

सत्कारानंतरच्या आठवड्यात आदिनाथरावांच्या ऑफिसातल्या चौघांनी सायकली घेतल्या. त्यांतला सर्वांत उंच पाच फूट सहा इंच आहे. दुकानदाराने चौघांनाही तिन्ही साइज दाखवल्या.

चौघांनीही मोठी घेतली. किंमत एकच होती.